दूरच्या अणुभट्टीचं रेडिएशन "आपल्याकडे सापडलं" म्हणतात तेव्हा घरात काय करायचं

बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. मार्च २०११ संपत आला होता, फुकुशिमाच्या अपघाताला दोनेक आठवडे झालेले, आणि टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती की हवेत किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं. तिचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं. "दादा, खिडक्या बंद केल्यात, दूध ओतून दिलंय, आता अजून काय करू ते सांग." मी तिला एकच विचारलं, किती सापडलं म्हणाले? ती म्हणाली, ते नाही सांगितलं, सापडलं एवढंच म्हणाले.

तेव्हापासून अशी बातमी आली की कोणाचा ना कोणाचा फोन येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. मी इथे "काही होत नाही हो" असं म्हणणार नाहीये, कारण तसं म्हटल्याने कोणाचीच भीती जात नाही आणि ते दर वेळी खरंही नसतं. १९८६ ला चेर्नोबिल झालं तेव्हा २६ एप्रिलच्या पहाटे भट्टी फुटली आणि सोव्हिएत सरकारने जाहीर केलं २८ तारखेच्या रात्री, तेही चार ओळींत, आणि १ मे ला कीव्हमध्ये लोकांना लहान मुलं घेऊन परेडला रस्त्यावर येऊ दिलं. हे ज्यांनी वाचलंय ते सरकारी निवेदनावर पटकन विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांना वेड्यात काढायचा हक्क कोणालाच नाही. पण म्हणूनच आकडा स्वतः वाचता आला पाहिजे, मग कोण काय म्हणतंय यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आधी बातमीत हे शोधा

चार गोष्टी हव्यात. कुठला पदार्थ, किती, कशात (हवा, पावसाचं पाणी, नळाचं पाणी, दूध, भाजी) आणि नमुना कुठल्या तारखेचा. यातलं एक जरी नसेल तरी त्या बातमीवरून घरात कुठलाही निर्णय घेऊ नका, मूळ आकडा शोधा. आपल्या देशाची अणुसुरक्षा बघणारी जी संस्था असेल तिच्या साइटवर अशा वेळी रोजचे तक्ते टाकतात, ते रुक्ष असतात पण सगळं तिथेच असतं.

पदार्थ का विचारायचा? कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं आणि शरीरात गेलं की थायरॉईडमध्ये जाऊन बसतं, म्हणून लहान मुलांची काळजी याच्यामुळे. सिझियम-१३७ ला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, ते मातीत राहतं. झेनॉन-१३३ हा वायू, कशाशी संयोग पावत नाही, ५ दिवसांत निम्मा, शरीरात साठत नाही, आणि सगळ्यात आधी हाच दूरवर पोचतो त्यामुळे पहिली "सापडलं" बातमी बऱ्याचदा याची असते. अजून एक आहे सिझियम-१३४, त्याचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) २ वर्षं. हे तपासाच्या दृष्टीने फार कामाचं कारण सिझियम-१३७ तर १९५० आणि ६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांचंही अजून जगभर मातीत आहे, पण १३४ सापडलं तर ते नव्या अपघाताचंच, जुनं इतकी वर्षं टिकत नाही. नुसतं सिझियम-१३७ मातीत सापडलं असं कोणी ओरडत असेल तर १३४ होतं का ते विचारा.

आता एकक. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, बस. सीव्हर्ट म्हणजे त्यामुळे शरीराला किती इजा होऊ शकते त्याचं माप. एक सीव्हर्ट खूपच मोठा म्हणून मिलिसीव्हर्ट (हजारावा भाग) आणि मायक्रोसीव्हर्ट (दहा लाखावा भाग) वापरतात. बातमी लिहिणारा मिली आणि मायक्रो यांची अदलाबदल करतो तेव्हा आकडा हजार पटींनी चुकतो आणि हे दर अपघाताच्या वेळी होतंच, म्हणून ते अक्षर दोनदा बघा. अमेरिकेतले आकडे पिकोक्युरीमध्ये असतात, १ बेकरेल म्हणजे २७ पिकोक्युरी, म्हणजे तोच नमुना तिकडच्या एककात २७ पट मोठा दिसतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मार्च २०११ च्या शेवटी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या दुधात आयोडीन-१३१ सापडलं, "दुधात रेडिएशन" अशा हेडलाइन जगभर गेल्या. आकडा होता लिटरला ०.८ पिकोक्युरी. बेकरेलमध्ये आणलं तर ०.०३. म्हणजे एक लिटर दूध समोर ठेवून बसलात तर साधारण अर्ध्या मिनिटात त्या आयोडीनचा एक अणू फुटणार. त्याच लिटरमध्ये नैसर्गिक पोटॅशियम-४० चे सेकंदाला पन्नासच्या आसपास अणू फुटत असतात, गाईने गवत खायला सुरुवात केली तेव्हापासून. दूध बंद करायची तिथली जी पातळी ठरलेली होती तिच्या पाच हजारावा भागसुद्धा हा आकडा नव्हता.

मग इतकं कमी सापडतं तरी कसं असं विचाराल तर यंत्रं तशी बनवलीच आहेत. अणुचाचणीबंदी कराराच्या संघटनेची जगभर पसरलेली केंद्रं आहेत, हवेतले किरणोत्सर्गी कण पकडणारी ८० केंद्रं आराखड्यात आहेत, चोरून कोणी चाचणी केली तर कळावं म्हणून. मोठा पंप २४ तास हवा ओढतो, कण फिल्टरवर अडकतात, मग तो फिल्टर आणखी २४ तास नुसता ठेवतात म्हणजे हवेतल्या रेडॉनचा (जमिनीतून आपोआप निघणारा किरणोत्सर्गी वायू) नैसर्गिक गोंगाट शांत होतो, आणि मग अतिथंड केलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर जवळपास एक दिवस मोजतात. याला घनमीटरमागे काही मायक्रोबेकरेल दिसतं. उघड्या हवेत रेडॉनच घनमीटरला सरासरी १० बेकरेल असतो, म्हणजे एक कोटी मायक्रोबेकरेल, यावरून अंदाज घ्या. फुकुशिमानंतर पंधराव्या दिवसापर्यंत उत्तर गोलार्धात सगळीकडे अंश सापडले होते. ते खरंच होतं, कोणी खोटं बोलत नव्हतं. सापडणं हे यंत्राच्या नजरेबद्दल सांगतं, तुमच्या डोसबद्दल सांगायला पुढचं गणित लागतं.

गणित घरी करा, अवघड नाही

मी बहिणीला फोनवरच करायला लावलं होतं, कागद पेन्सिल घेऊन. दुसऱ्याने सांगितलेलं "सेफ आहे" आणि स्वतः गुणाकार करून आलेलं उत्तर यात मनाला पडणारा फरक फार असतो हे मी तेव्हा ऐकलं, तिचा आवाज बदलला.

हवेचं आधी. समजा घनमीटरला १ मिलीबेकरेल आयोडीन-१३१ आहे. मोठा माणूस दिवसाला साधारण २२ घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे २२ मिलीबेकरेल, म्हणजे ०.०२२ बेकरेल. वाफेच्या रूपातलं आयोडीन श्वासातून गेलं तर एका बेकरेलमागे ०.०२ मायक्रोसीव्हर्ट धरतात. गुणाकार केला तर दिवसाला ०.०००४४ मायक्रोसीव्हर्ट. आता दुसऱ्या बाजूला जमीन, आकाश, रेडॉन आणि अन्नातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, दिवसाला भागलं तर साडेसहा मायक्रोसीव्हर्ट. म्हणजे हा वाढीव भाग रोजच्याच्या पंधरा हजारावा. बाळाचं काय? बाळाला एका बेकरेलमागे आठ नऊ पट जास्त डोस बसतो, पण बाळ हवा घेतं तीनच घनमीटर, त्यामुळे उत्तर जवळपास तेवढंच येतं. फुकुशिमाच्या वेळी युरोपात मोजलेले आकडे घनमीटरला काही मिलीबेकरेल असे होते, मग पाचने सहाने गुणा, तरी ते तिथेच राहतं.

दूध. लिटरला ०.०३ बेकरेल, बाळ दिवसाला एक लिटर पितं असं धरू (इतकं पीत नाही पण जास्तच धरू). तान्ह्या बाळाला पोटातून गेलेल्या एका बेकरेलमागे ०.१८ मायक्रोसीव्हर्ट. उत्तर ०.००५४. रोजच्या साडेसहाच्या बाराशेवा भाग. इथे एक गोष्ट लपवायची नाही, ही सगळ्या शरीराची मिळून काढलेली किंमत आहे आणि आयोडीन तर एकाच ग्रंथीत जमा होतं, थायरॉईडला एकटीला बसणारा डोस याच्या वीस पटीच्या आसपास जातो. ठीक आहे, वीसने गुणा, ०.१ च्या जवळ आलं. तरी घाबरण्यासारखं नाही, पण ही पायरी वगळून कोणी आकडा देत असेल तर त्याला टोका.

म्हणून तो केळ्याचा दाखला मला फारसा आवडत नाही, एका केळ्यात पोटॅशियमचे १५ बेकरेल असतात मग हे काय एवढं, असं म्हणणारा. पोटॅशियम शरीर ठरावीकच ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं, आयोडीन एका ठिकाणी साठवतं. बेकरेलची बेकरेलशी थेट तुलना करू नका, दोन्ही सीव्हर्टमध्ये आणा आणि मग बोला.

खरं लक्ष कधी द्यायचं

अंतर मोठं म्हणजे निर्धास्त, हा नियम नाही. अपघातातून निघालेला किरणोत्सर्गी हवेचा ढग डोक्यावरून जात असताना जोराचा पाऊस पडला का, हा प्रश्न अंतरापेक्षा मोठा आहे. चेर्नोबिलच्या वेळी स्वीडनमध्ये अकराशे किलोमीटरवर फोर्समार्कच्या अणुकेंद्रात २८ एप्रिलला सकाळी एका कामगाराच्या बुटांमुळे अलार्म वाजला, बूट बाहेरून आत येताना पावसाचं घेऊन आले होते, आणि जगाला पहिली खबर तिथून लागली. त्याहून लांब ब्रिटनमध्ये वेल्स, कंब्रिया, स्कॉटलंडच्या डोंगरांवर मे च्या सुरुवातीला तसाच पाऊस झाला, सिझियम कुजलेल्या वनस्पतींच्या (पीटच्या) पाणथळ जमिनीत उतरलं, तिथल्या गवतात येत राहिलं आणि मेंढ्यांच्या मांसात किलोला १००० बेकरेलची मर्यादा घालून निर्बंध लावावे लागले, सुरुवातीला दहा हजाराच्या आसपास शेतं आणि चाळीस लाख मेंढ्या. शेवटचे निर्बंध उठले २०१२ ला. सव्वीस वर्षं. ते मांस खाऊन लोक आजारी पडत होते असं नव्हे, ते बाजारात पोचू नये म्हणून निर्बंध होते आणि ते काम त्यांनी केलं.

पण जिथे खरं नुकसान झालं तो रस्ता ओळखून ठेवा, तो एकच आहे: पाऊस किंवा धूळ, गवत, गाय, दूध, मूल. गाय दिवसभर मोठं कुरण चरते, म्हणजे कितीतरी चौरस मीटरवर पडलेलं आयोडीन गोळा करून एका बादलीत आणते. बेलारूस, युक्रेन आणि शेजारच्या रशियाच्या भागात मुलं लिटरला हजारो बेकरेल असलेलं दूध आठवडाभर पीत राहिली कारण त्यांना कोणी थांबवलंच नाही, आणि २००५ पर्यंत त्या मुलांमध्ये थायरॉईड कॅन्सरचे सहा हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. १९५७ ला इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या भट्टीला आग लागली तेव्हा पाचशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं दूध काही आठवडे ओतून दिलं होतं. म्हणजे काय करायचं हे चेर्नोबिलच्या आधी तीस वर्षं माहीत होतं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

तर तुमच्यासाठी नियम असा. हवेतल्या आकड्यावरून घर बंद करू नका. दुधाचा आणि पाण्याचा आकडा रोज बघा, विशेषतः ढग असताना पाऊस झाला असेल तर पुढचे दोन आठवडे. आयोडीन-१३१ साठी बाळांच्या अन्नपाण्यात लिटरला किंवा किलोला १०० बेकरेल ही आंतरराष्ट्रीय शिफारशीतली पातळी लक्षात ठेवा. फुकुशिमापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास टोकियो, तिथे २२ मार्चला कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात २१० बेकरेल सापडले, मोठ्यांसाठी मर्यादा ३०० होती, बाळांसाठी १००, म्हणून २३ तारखेला फक्त एक वर्षाखालच्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका सांगितलं आणि २४ ला आकडा ७९ वर आला तेव्हा सल्ला मागे घेतला. यावरून पण शिका की अपघाताच्या इतक्या जवळसुद्धा निर्णय आकड्यावर, वयावर आणि तारखेवर ठरतो.

बातमी ०.०३ ची असेल तर दूध द्या. आकडा लिटरला दहा बेकरेलच्या पुढे सरकायला लागला आणि रोज वाढत असेल तर बाळासाठी अपघाताआधी पॅक झालेली दूध पावडर वापरायला सुरुवात करा, त्यात नवं आयोडीन असूच शकत नाही. शंभरची वाट बघायची गरज नाही, पण ०.०३ ला ओतून द्यायचीही गरज नाही. हा दहाचा आकडा माझा आहे, सरकारी नाही, स्वतःच्या मनाची तयारी म्हणून मी तो ठरवलाय. आईचं दूध मात्र चालूच ठेवा, अंशाच्या बातमीवरून ते तोडलं तर बाळाचं नक्की नुकसान होतं.

पावसाचं पाणी थेट प्यायला साठवत असाल तर ढग जाईपर्यंत साठवू नका. पालेभाजी उघड्यावरची असेल तर वाहत्या पाण्यात नीट धुवा, वरचं बरंचसं जातं. पाणी उकळून काही होत नाही, उकळणं जंतूंसाठी, अणूला त्याचा काही फरक पडत नाही, उलट पाणी आटलं तर उरलेल्यात प्रमाण वाढतं. मास्क, खिडक्यांना टेप, अंगणात न जाणं, यातलं काही लांबच्या अंशासाठी लागत नाही. चार दिवस बंद खोलीत राहिलात तर उलट आतला रेडॉन साठतो.

गोळ्या आणि मीठ

पोटॅशियम आयोडाइडची गोळी. हिच्याबद्दल नीट वाचा कारण इथे लोक स्वतःला इजा करून घेतात. ती रेडिएशनवरचं औषध नाही. ती थायरॉईडला साध्या आयोडीनने भरून टाकते म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला आत जागा उरत नाही, बस. सिझियमवर तिचा उपयोग शून्य. मोठ्यांचा डोस १३० मिलिग्रॅम, त्यात आयोडीन १०० मिलिग्रॅम, आणि वेळ फार महत्त्वाची, ढग यायच्या आधीच्या २४ तासांत किंवा आल्यानंतर दोन तासांत घेतली तर चांगली, आठ तासांपर्यंत काही उपयोग, २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा. चाळिशीच्या पुढे फायदा कमी आणि त्रासाची शक्यता जास्त. मुलं, गरोदर बायका, दूध पाजणाऱ्या आया यांना आधी, आणि तेही प्रशासन सांगेल तेव्हाच. पोलंडने १९८६ ला चेर्नोबिलचा ढग प्रत्यक्ष वर असताना एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीनचं द्रावण दिलं होतं, तो निर्णय मोजून घेतलेला होता. हजारो किलोमीटरवर मिलीबेकरेलसाठी गोळी घेणं म्हणजे शून्य फायद्यासाठी थायरॉईड बिघडवून घेणं, तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर फारच वाईट.

मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी रांगा लावल्या, दुकानं रिकामी झाली. हिशोब करा, एक किलो मिठात २० ते ४० मिलिग्रॅम आयोडीन, एका गोळीइतकं हवं तर अडीच ते पाच किलो मीठ एका दिवसात खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी मिठानेच माणूस मरेल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिणं हा त्याहून भयंकर प्रकार, ते विष आहे, जागतिक आरोग्य संघटनेला तेव्हा तसं न करण्याचं आवाहन करावं लागलं होतं. घरात कोणी वडीलधारं हे करायला निघालं तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका, बाटली उचलून आत ठेवा.

मीटर असेल तर

हल्ली बऱ्याच जणांकडे छोटा गायगर मीटर असतो, माझ्याकडेही आहे. त्याने हवेतले मिलीबेकरेल दिसत नाहीत, कधीच दिसणार नाहीत, हे आधी पक्कं डोक्यात ठेवा. तो मिनिटाला किती टिकटिक झाली एवढं सांगतो आणि ती टिकटिक एरवीसुद्धा खाली वर होत असते. त्यामुळे काही झालेलं नसताना आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी, दहा दहा मिनिटं मोजून वहीत लिहून ठेवा, ही तुमची पायरेषा, ती नसेल तर मीटरचा काही उपयोग नाही.

आणि पाऊस. पावसात मीटर वाढतोच, अपघात असो नसो. एकदा जोराची सर येऊन गेल्यावर मी गाडीची काच एका कोरड्या टिश्यूने पुसली, घडी घालून मीटरच्या नळीला टेकवली. माझी पायरेषा मिनिटाला २२, आणि आकडा आला १४०. छातीत धस्स होतं, खोटं कशाला बोलू. पण तिथेच बसून राहिलो, पस्तीस मिनिटांनी ८०, मग तेवढ्याच वेळाने ५१, मग ३६, आणि तीन तासांनी २५. म्हणजे दर पस्तीसेक मिनिटांनी वरचा भाग निम्मा होत होता. हा रेडॉन. रेडॉनपासून तयार होणारं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाचे थेंब हवेतून धुऊन खाली आणतात, त्यांची अर्धायुष्यं साधारण २७ आणि २० मिनिटांची, एकामागून एक असल्यामुळे एकत्रित घसरण अर्ध्या तासाच्या थोडी पुढे दिसते. दुसऱ्या दिवशीपर्यंत अगदी थोडंसं रेंगाळू शकतं, थोरियमकडून आलेलं शिसं-२१२ असतं त्याला निम्मं व्हायला साडेदहा तास लागतात.

हीच परीक्षा तुम्ही करा. टिश्यू घ्या, पुसा, आणि एका आकड्याचा फोटो टाकून पळापळ करण्याआधी तीन तास दर दहा मिनिटांनी लिहा. निम्मा निम्मा होत पायरेषेवर आला तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी अजिबात न हलता तिथेच असेल तर टिश्यू प्लास्टिकच्या पिशवीत, वर तारीख, वेळ, जागा, किती जागा पुसली ते लिहून, आणि फोन लावा, अशी प्रयोगशाळा शोधा जिच्याकडे गॅमा स्पेक्ट्रोमीटर (नेमका कुठला किरणोत्सर्गी पदार्थ आहे ते ओळखणारं यंत्र) आहे. आयोडीन-१३१ असेल तर तो आठ दिवसांत निम्मा होईल, अर्ध्या तासात नाही, म्हणून घड्याळ हाच तुमचा स्पेक्ट्रोमीटर.

फॉरवर्ड आला की

२०११ ला एक रंगीत नकाशा फिरला, जपानपासून प्रशांत महासागरावर जांभळ्या लाल ज्वाळा पसरल्यासारखा, खाली लिहिलेलं रेडिएशन. तो अमेरिकेच्या हवामान आणि सागर संस्थेचा त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा नकाशा होता. बाजूची रंगपट्टी बघितली असती तर तिथे सेंटिमीटर लिहिलेलं होतं. म्हणून कुठलाही नकाशा आला की आधी रंगपट्टीवरचं एकक वाचा, तेच कापून टाकलेलं असेल तर नकाशा पुढे पाठवू नका. तसंच १४ मार्चला फिलिपाइन्समध्ये बीबीसीच्या नावाने एसएमएस फिरला की पाऊस आला तर घरात बसा आणि गळ्यावर बीटाडीन (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) चोळा, बीबीसीने असं काहीच दिलेलं नव्हतं, तरी काही ठिकाणी विद्यार्थ्यांना घरी पाठवलं गेलं. कातडीवर चोळलेल्या आयोडीनने थायरॉईडचं भरवशाने संरक्षण होत नाही.

उलट बाजूची गोष्टही सांगतो. २०१७ च्या सप्टेंबर अखेर आणि ऑक्टोबरमध्ये युरोपभर रुथेनियम-१०६ सापडलं, कुठल्याही देशाने अपघात जाहीर केला नाही. बाकी काही नाही, फक्त रुथेनियम, म्हणजे भट्टी फुटलेली नाही, तसं असतं तर आयोडीन सिझियम सोबत आलं असतं. फ्रान्सच्या संस्थेने वारे मागे मोजत नेऊन दक्षिण उरलकडे बोट दाखवलं, रशियाच्या अणुसंस्थेने नाकारलं. त्या वेळी अंश इतके कमी होते की आरोग्याला धोका नव्हता, पण लपवाछपवी पकडली गेली ती याच मायक्रोबेकरेल मोजणाऱ्या यंत्रांमुळे. त्यामुळे "एवढंसं कशाला मोजता आणि सांगता, लोक घाबरतात" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोजा, सांगा, एककासकट सांगा.

अपघात आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, श्रेणीचा आहे हे ऐकूनही घाबरू नका, चेर्नोबिल आणि फुकुशिमा दोन्ही सातव्या श्रेणीचे, पण ती श्रेणी भट्टीतून एकूण किती बाहेर पडलं ते सांगते, तुमच्या दारात किती आलं ते नाही.

किती दिवस बघत राहायचं

आयोडीनसाठी भट्टीतून बाहेर पडणं थांबल्याची तारीख वहीत लिहा आणि त्यापुढे ८० दिवस मोजा. दहा वेळा निम्मं म्हणजे हजारावा भाग, त्यानंतर आयोडीनची बातमी जुन्या नमुन्याची असते, तारीख तपासा. सिझियम १३४ आणि १३७ साठी पुढच्या हंगामात एकदा जंगलातल्या अळंब्या, रानटी प्राण्यांचं मांस आणि उघड्या कुरणावरच्या दुधाचे तक्ते बघा, कारण माती ते सोडायला वेळ घेते. प्रशांत महासागर पार करून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आलेल्या ट्यूना माशांत फुकुशिमाचं सिझियम मोजलं होतं, सुकवलेल्या मांसात किलोला १३४ आणि १३७ मिळून दहाच्या आसपास बेकरेल, आणि त्याच मांसात नैसर्गिक पोटॅशियम-४० साडेतीनशेच्या जवळ.

बहिणीने त्या रात्री वहीत शेवटची ओळ लिहिली ती अशी: दूध, आयोडीन-१३१, ०.०३, लिटरमागे, तारीख. मग नवीन पिशवी फोडली आणि बाळाला पाजलं. पुढचे तीन आठवडे ती मला रोज संध्याकाळी त्या तक्त्यातला आकडा वाचून दाखवायची, एप्रिलच्या मध्यानंतर त्या रकान्यात "आढळलं नाही" यायला लागलं तशी ती वही बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर कपाटात गेली.